सावंतवाडीची गंजिफा : वाचलेले पत्ते, थांबलेला डाव

सावंतवाडीच्या राजवाड्यात जाणाऱ्या प्रवाशाला दरबाराच्या दालनात काही कारागीर खाली मान घालून काम करताना दिसतात. हातात अगदी बारीक कुंचला, आणि कुंचल्याखाली तळहातात मावेल एवढी गोल चकती. एका चकतीवर मासा, दुसरीवर कासव, तिसरीवर परशू. प्रवासी थबकतो, किंमत विचारतो, जमल्यास एक रंगीत पेटी विकत घेतो आणि मोती तलावाच्या काठाने परत जातो. या पेटीतल्या पत्त्यांनी खेळतात कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ज्याने विचारावा त्याला तो सुचत नाही, कारण समोर मांडलेली वस्तू खेळाची आहे असे तिच्याकडे पाहून वाटतच नाही. ती भिंतीवर लावायची किंवा काचेच्या कपाटात ठेवायची चीज वाटते.

‘गंजिफेला सावंतवाडीत पुनर्जन्म मिळाला’ हे वाक्य आपण वृत्तपत्री लेखांतून आणि पर्यटनाच्या पुस्तिकांतून अनेकदा वाचले आहे. आम्ही दोघेही मराठी शिकवणारे, कोकणाशी नाते असणारे, आणि या वाक्याचा अभिमान बाळगणारे. तरीही ते अर्धेच खरे आहे असे आमचे मत झाले आहे. पुनर्जन्म मिळाला तो पत्त्यांना. खेळ जिथे सोडला गेला होता तिथेच राहिला. हा भेद का करावा लागतो आणि त्यातून काय निष्पन्न होते, याची ही थोडी चर्चा.

गंजिफेच्या पूर्वेतिहासात फार काळ रमण्याचे कारण नाही. शब्द फारसी, आणि हिंदुस्थानातला तिचा सर्वांत प्रसिद्ध जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रातला. १५२७ साली त्याने सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हुसेनाला त्याच्या मागणीवरून गंजिफेचे पत्ते पाठवले. पुढे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या आणि प्रत्येकी बारा पत्त्यांच्या एका जुन्या संचाचे वर्णन केले आहे. त्या बारा रंगांची नावे आजही वाचण्याजोगी आहेत : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नवपती... यांतला नवपती म्हणजे नौकांचा, आरमाराचा धनी. सिंधुदुर्ग किल्ला ज्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रात उभा आहे त्या मालवणकरांनी हा रंग आपला म्हणावा. हातात धरलेल्या पत्त्यांत एका काळचे सगळे राज्यशास्त्र मावत होते. कोणाचे बळ घोड्यांत, कोणाचे हत्तींत, कोणाचे पायदळात, कोणाचे किल्ल्यांत.

मोगली गंजिफा पुढे आठ रंगांची आणि शहाण्णव पत्त्यांची रूढ झाली. ताज, शमशेर, गुलाम, चंग असे तिचे रंग. दख्खनेत, ओडिशात, बंगालमधील बिष्णुपुरात याच खेळाने दशावतारांचे रूप घेतले : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा चिन्हांचे दहा पत्ते, एकूण एकशेवीस. म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात ‘छद’ या नावाने पत्त्यांचे अनेक नवे आणि अवाढव्य संच रचले. श्रीमंतांसाठी हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचे पत्ते होत, त्यांना दरबार कलम म्हणत. सामान्यांसाठी कापडाच्या किंवा कागदाच्या थरांचे होत, ते बाजार कलम. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवावा. गंजिफेला बाजारही होता, ती केवळ दरबारी नव्हती.

सावंतवाडीत हा खेळ तेलंगणाकडून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी आणला आणि येथील चितारी मंडळींनी त्यांच्याकडून पत्ते बनवण्याची रीत घेतली, अशी परंपरा सांगितली जाते. खेमसावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात संस्थान कलावंतांचे आणि पंडितांचे आश्रयस्थान झाले होते, त्यामुळे परंपरेत अशक्य असे काही नाही. चितारींचे मूळ काम लाखकामाचे आणि लाकडावरच्या रंगकामाचे. पाट, चौरंग, देव्हारे, रंगीत लाकडी फळे, बाहुल्या यांसाठी सावंतवाडीची चितार आळी आजही ओळखली जाते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा : ही कृती त्यांच्या हाताला नवी नव्हतीच. पाटावर वेल काढणारा हात चकतीवर मत्स्य काढू लागला, इतकेच.

आता खेळाकडे वळू. येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण आमच्या म्हणण्याचा सगळा भार यावरच आहे.

दशावतारी गंजिफा तिघांनी खेळायची. एकशेवीस पत्ते, प्रत्येकाला चाळीस. गोल पत्ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत, म्हणून ते चादरीवर पालथे पसरून हाताने कालवायचे. डावाचा आरंभ कोणी करायचा हे सूर्य ठरवतो. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतरायचे, सूर्यास्तानंतर कृष्णाचा राजा असेल त्याने. एक सूर्यवंशी, दुसरा मध्यरात्री जन्मलेला. ज्याने हा नियम केला त्याला पुराणही ठाऊक होते आणि विनोदही. तो राजा एकट्याने उतरत नाही, सोबत आणखी एक पत्ता टाकला जातो, आणि इतर दोघांनी त्याबदल्यात दोन-दोन पत्ते द्यायचे.

नेहमीच्या पत्त्यांत ज्याला आपण हुकूम म्हणतो, म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग, तो गंजिफेत नाही. शब्द आहे, पण वेगळ्या अर्थाने. एखाद्या रंगातला त्या क्षणी खेळात उरलेला सर्वांत वरचा पत्ता तो हुकूम. राजा गेला की प्रधान हुकूम, प्रधान गेला की त्याखालचा. आणि त्याखालचा कोणता, हे रंगानुसार बदलते. दहांपैकी पाच अवतारांत प्रधानानंतर दश्शी, नव्वी, अठ्ठी असे उतरत यायचे. उरलेल्या पाचांत क्रम उलटा, प्रधानानंतर एक्का श्रेष्ठ, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी सर्वांत कनिष्ठ. म्हणजे आपल्या हातातला कासवाचा सत्ता या क्षणी राजाच्या तोलाचा आहे की कवडीमोलाचा, हे पत्त्यावर लिहिलेले नसते. ते गेल्या अर्ध्या तासात काय काय पडले आणि ते कोणाच्या ध्यानात राहिले, यावर ठरते.

दुसऱ्याच्या पत्त्याच्याच रंगाचा पत्ता टाकण्याची सक्तीही नाही. त्यामुळे समोरच्याने वराहाचा पत्ता टाकला नाही म्हणून त्याच्याकडे वराह संपले असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याने राखून ठेवले असतील. एकशेवीस पत्त्यांची हजेरी मनात ठेवायची, ती दहा रंगांत विभागायची, पाच रंग सुलटे आणि पाच उलटे मोजायचे, आणि हे सगळे करताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. शेवटी कोणी किती पत्ते जिंकले त्याची मोजणी, आणि ज्याचे कमी भरले त्याच्यावर पुढच्या डावासाठी बोजा. गावागणिक नियमांत फरक पडत. १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी आपल्या ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या संस्कृत ग्रंथातल्या ‘क्रीडाकौशल्य’ भागात इतर खेळांबरोबर गंजिफेलाही स्थान दिले, यावरून तिची त्या काळची प्रतिष्ठा कळते. ज्योतिषाच्या ग्रंथात जुगाराला जागा मिळत नाही. प्रत्येक पत्ता टाकताना अवताराचे नाव तोंडी येणार, या सबबीने हा खेळ देवाधर्माच्या घरातही निर्वेधपणे शिरला असावा, असे आम्हांला वाटते.

असा खेळ मागे का पडला? ‘इंग्रजी पत्त्यांनी गंजिफेला मारले’ हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही नाही. समुद्रमार्गे आलेल्या बावन्न पानांच्या संचाने गंजिफा हटवली. त्या संचातली बदाम आणि चौकट ही नावे आपण दिली, पण इस्पिक आणि किलवर अजूनही परक्या कपड्यांत वावरतात. छापलेले, स्वस्त, खिशात मावणारे पत्ते एका बाजूला, आणि एकेक चकती हाताने रंगवून आठवडेच्या आठवडे चालणारा संच दुसऱ्या बाजूला. पण किमतीपेक्षा मोठा फरक आमच्या मते वेळेचा आणि शिकण्याचा होता. बावन्न पानांत गुलामचोरही खेळता येतो आणि ब्रिजही. सहा वर्षांचा मुलगाही त्यांनी खेळू शकतो, सत्तर वर्षांची आजीही, आणि दोघे एकाच डावात असू शकतात. बदाम सातला तिघे चालतात, चौघे चालतात, सातही चालतात. गंजिफेला नेमके तिघे लागतात, आणि तिघांनाही ती चांगली यावी लागते. एक कच्चा बसला तर तो हरतो एवढेच नाही, उरलेल्या दोघांचाही डाव नासतो. ज्या खेळाला नवशिक्यासाठी ओसरी नाही, थेट माजघरातच यावे लागते, त्याच्याकडे नवे लोक येणे अवघडच. शिकवणारी पिढी गेली की असा खेळ वीस वर्षांत विझतो. संस्थाने गेली म्हणून गंजिफा गेली असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की ती त्याआधीच ओट्यांवरून उठली होती. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा खेळणारे थोडेच उरले होते.

आता पुनरुज्जीवनाकडे. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोंसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेत लक्ष घातले, तेव्हा पत्ते रंगवण्याचे पूर्ण ज्ञान असलेले पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे हाती लागले. ते शिकवण्यास तयार झाले. राजदंपतीने स्वतः शिकून घेतले, इतरांना शिकवले, आणि राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही कार्यशाळा सुरू केली. याच सुमारास, १९७१ च्या अखेरीस, घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राज्य गेलेले, तनखा गेलेला, अशा वेळी एका माजी राजाने दरबाराचे दालन चितारींना मोकळे करून द्यावे, यात आम्हांला राजेपणाची एक निराळी जाण दिसते. चितारी घराण्यात जन्म न झालेल्या मुलामुलींच्या हाती कुंचला देणे हा तर त्या वेळी लहान निर्णय नव्हता. जातीच्या कुंपणात राहिलेली कला जातीबरोबर संपत चालली होती, तिचे कुंपण त्यांनी काढले. दोघेही आज हयात नाहीत, पण काम त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले आहे. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

त्याच काळात मुंबईत राहणारे जर्मन वंशाचे कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडेन गंजिफेचे संच जमवत होते. पुरोगामी चित्रकारांच्या गटाचे पाठीराखे म्हणून मुंबईच्या कलाजगताला ते परिचित होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १९८२ साली गंजिफेचे प्रदर्शन भरले, त्याला जोडून त्यांचे पुस्तक निघाले आणि जगाला गंजिफा नव्याने कळली. अभ्यासक, संग्राहक, वस्तुसंग्रहालये यांचा ओघ सुरू झाला. सावंतवाडीच्या कार्यशाळेला गिऱ्हाईक मिळाले ते या वाटेने.

आणि येथेच गोष्टीला वळण लागले. गिऱ्हाईक बदलले की वस्तू बदलते. खेळणाऱ्याला पत्ता ओळखता यायला हवा, लवकर आणि लांबून. त्याला मत्स्याच्या खवल्यांशी कर्तव्य नसते, मासे किती आहेत याच्याशी असते. संग्राहकाला खवले हवे असतात. खेळणाऱ्याला पत्ता मळला तर चालतो, उलट मळलेला पत्ता हाताला बरा लागतो. संग्राहकाला डाग चालत नाही. आज दशावतारी संचाची किंमत काही हजारांच्या घरात असते, आणि ज्या वस्तूला हजारो रुपये मोजले ती चादरीवर पसरून कालवायला कोणाचा हात धजेल? कार्यशाळेने काळाची गरज ओळखून बावन्न पानांचे संचही गोल आकारात, गंजिफेच्या शैलीत रंगवायला घेतले. म्हणजे ज्या खेळाने गंजिफेला ओट्यावरून उठवले, त्यालाच आता गंजिफेचा पोशाख चढला. आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. कारागिराच्या घरी चूल पेटली पाहिजे, आणि बावन्न पानांचा संच घेणारा कदाचित तो खेळतही असेल. पण ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द उच्चारताना हेही ध्यानात असावे.

याउलट एक उदाहरण याच जिल्ह्यात, याच दहा अवतारांचे आहे. दशावतारी नाटकाला फॉन लायडेन भेटला नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रा सुरू झाल्या की वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशी मंडळे पेटारे घेऊन गावोगाव फिरतात. गणपती येतो, संकासुर येऊन हसवतो, मग आख्यान लागते. संहिता कागदावर नसते, आयत्या वेळी संवाद रचले जातात, आणि रात्र सरेपर्यंत माणसे बसून राहतात. त्यात विजेचे दिवे आले, आडदशावतार आटोपता झाला, आख्यानांत नवी कथानके शिरली. जाणकार हळहळतात. पण नाटक चालू आहे, कारण ते पाहणारा माणूस अजून रात्री घराबाहेर पडतो. सिंधुदुर्गात एकाच मत्स्य-कूर्म-वराहांच्या दोन वाटा झाल्या. एक बदलत बदलत चालत राहिली, दुसरी काटेकोरपणे जतन झाली आणि थांबली. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. चित्रे घेणारे पुष्कळ, रात्रभर कथा ऐकणारे थोडे.

सोडून दिलेल्या खेळाला दुसरी संधी देणे ही गोष्ट आजच्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फक्त वेगळ्या क्षेत्रातली. व्हिडिओ गेमच्या दुनियेत खेळ दहा-पंधरा वर्षांत म्हातारा होतो. यंत्र बदलते, जुना खेळ नव्या यंत्रावर चालत नाही, बनवणारी कंपनी त्याच्याकडे पाठ फिरवते. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले. मग काही वेडे लोक जुन्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली लिहितात आणि तो खेळ पुन्हा चालता करतात. हे जतन आणि आपले जतन यांत एक फरक आम्हांला फार बोलका वाटतो. त्यांचा खेळ पेटीवरच्या चित्रासकट कपाटात ठेवला तर त्यांच्या दृष्टीने तो वाचलेला नसतो. तो चालू झाला, कोणीतरी बटण दाबले, पहिल्या पायरीवर हरला आणि पुन्हा सुरू केला, तर तो वाचला.

‘फायनल फँटसी चौदा’ या जपानी खेळाचे उदाहरण घ्या. २०१० साली तो निघाला आणि सपशेल पडला. कंपनीने २०१२ च्या नोव्हेंबरात तो बंद केला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्याच नावाने, पण आतून नवा रचून पुन्हा आणला. तो आजही खेळला जातो. तेथे खेळवणूक बदलून नाव राखले गेले. सावंतवाडीत चित्र राखले आणि खेळवणूक तशीच सोडून दिली.

जपानचेच आणखी जवळचे उदाहरण पत्त्यांचे आहे. हानाफुदा नावाचे फुलापानांचे छोटे पत्ते तिकडे शतकानुशतके चालत आले आहेत. बारा महिन्यांचे बारा रंग, प्रत्येकी चार पत्ते. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हे पत्ते बनवण्याचा छोटा धंदा सुरू केला. त्या धंद्याचे नाव निन्टेंडो. आमच्या पिढीला ज्या कंपनीचे नाव दूरदर्शन संचाला जोडायच्या खेळांमुळे माहीत झाले, ती मुळात पत्तेवाल्यांची. तिने हानाफुदा बनवणे सोडलेले नाही, आणि २०२० साली जगभरच्या एकावन्न पारंपरिक खेळांचा जो संगणकीय संच काढला त्यात हानाफुदाचाही डाव ठेवला. म्हणजे ज्या पोराने कागदी पत्ता कधी हातात धरला नाही, ते पडद्यावर नियम शिकते, आणि मग कदाचित आजोबांच्या कपाटातली डबी उघडते.

गंजिफेला याहून योग्य औषध आम्हांला दिसत नाही. ती ज्या कारणांनी विझली त्यांची वर मांडलेली यादी पुन्हा पाहावी. संच महाग, तर पडद्यावर तो फुकट. नेमके तिघे हवेत, तर तिसरा, वेळ पडल्यास दुसराही, यंत्र बसवील. कच्च्या खेळाडूमुळे डाव नासतो, तर यंत्राला कंटाळा येत नाही. ओसरी नसलेल्या घराला ओसरी मिळते. सावंतवाडीच्या चितारींची चित्रे पडद्यावर वापरली तर त्यांचे नाव आणि त्यांचा मोबदला दोन्ही राखता येतील, आणि खेळता खेळता हौस लागलेल्या शंभरांतल्या एकाने जरी खरा संच मागवला, तरी तो संच खेळणाऱ्याच्या हाती जाईल. मग बाजार कलमाचीही मागणी निघेल : साधे, ठसठशीत, धुता येण्याजोगे, छापील पत्ते. दरबार कलम कपाटात शोभते, ते तेथे शोभू द्यावे.

एक इशारा मात्र. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि इतिहास शिकवणारे एक सहकारी अशा तिघांनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून, त्यांवर नुसती अक्षरे आणि आकडे लिहून हा डाव मांडला. ‘म’ म्हणजे मत्स्य, ‘क’ एकाहून अधिक असल्याने कूर्माचा ‘कू’ आणि कल्कीचा ‘कल’. चाळीस चकत्या हातात मावत नाहीत, तेव्हा रंगवार ढिगाऱ्या करून समोर पुस्तकांच्या आडोशाने लपवल्या. पहिला डाव दोन तास चालला. तिसऱ्या दिवशी इतिहासाचे सर वामनाची एक तिर्री बराच वेळ दाबून बसले होते आणि ती हुकूम झाल्याचे आम्हां दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात नव्हते. ती त्यांनी टाकली तेव्हा शेजारच्या खोलीतून घरातली मंडळी काय झाले म्हणून पाहायला आली, इतका गलका झाला. एकही चित्र नसलेल्या त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांत गंजिफा होती.

हा गलका यंत्राने शाबूत ठेवला पाहिजे. म्हणजे गेलेले पत्ते पडद्याच्या कोपऱ्यात मांडून दाखवण्याचा मोह टाळला पाहिजे. नवशिक्याला पहिले चार डाव ती सोय असावी, पाचव्यापासून नाही. स्मरण हाच या खेळाचा प्राण असल्याने ते काम यंत्राकडे सोपवले तर मागे केवळ राजा-प्रधानांची चित्रे उरतील, आणि ती तर आपल्याकडे आहेतच.

त्याआधी एक साधे काम आहे, आणि ते संगणकवाल्यांचे नाही, आमच्यासारख्यांचे आहे. पुरी आणि आसपासच्या भागात ‘गंजपा’ खेळणारी वृद्ध मंडळी अलीकडच्या दशकांपर्यंत होती. त्यांच्या खेळाची वर्णने, संस्कृत ग्रंथांतले नियम आणि कोकण-देशावरच्या जुन्या घरांतून कोणाला आजोबा-पणजोबांचे खेळताना बोलायचे शब्द आठवत असतील तर ते शब्द, हे सगळे एकत्र करून मराठीत एक खेळता येण्याजोगी नियमावली सिद्ध करायला हवी. खेळाचे वर्णन करणारी पुस्तके आहेत. तिघांनी उघडून लगेच डाव मांडावा अशी पुस्तिका हवी. परिभाषाही ठरवावी लागेल. उतारी, हुकूम, सर हे शब्द आजच्या पत्त्यांत वेगळे स्थिरावले आहेत, त्यांना गंजिफेत जुना अर्थ द्यायचा की नवे शब्द घ्यायचे, यावर मराठीच्या अध्यापकांनी भांडावे. भांडणाला याहून बरा विषय आमच्या खात्यात बरेच दिवसांत आलेला नाही.

राम आणि कृष्ण यांचा प्रश्नही तेव्हा सुटेल. दिवस कधी संपला हे ठरवण्यावरून खेळणाऱ्यांत कुरबुर होणे स्वाभाविक. पावसाळ्यातल्या कोकणात तर दुपारी चारलाच अंधारून येते. आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला तो कोणत्या गावी आहे आणि तेथे सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळतो हे ठाऊक असते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बसलेल्या खेळाडूकडे त्या मिनिटापर्यंत राम उतरेल आणि पुढच्या मिनिटाला कृष्ण. एक खेळाडू वेंगुर्ल्यात, दुसरा नागपुरात आणि तिसरा न्यू जर्सीत असेल तर सूर्य कोणाचा धरायचा, हा नियम मात्र जुन्या पंडितांना सुचण्याचे कारण नव्हते. तो नव्याने करावा लागेल.